रेडिओसाठी नेसलेलं लुगडं

भिकाजी पालवाला मिशी नव्हती, आणि त्याचा बाप ही गोष्ट मरेपर्यंत विसरला नाही. बाप गेल्यावरच पुरुषाने मिशी उतरवायची, ही रीत. भिकाजीने ती उतरवली तेव्हा बाप चांगला धडधाकट होता आणि बैलांना शिव्या देत नांगर धरत होता. कारण काय, तर दशावतारी कंपनीत भिकाजीला स्त्रीपार्ट मिळाला. "माका जितोच पोचवलंस रे," एवढं बोलून बापाने आठ दिवस अबोला धरला. पुढे त्याच बापाने जत्रेत लेकाची राणी बघून धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, पण मिशीची माफी काही दिली नाही.

कट्ट्याच्या बाजारापासून दोन मैल आत, तांबड्या मातीच्या वाटेने गेलं की पालवांची वाडी लागते. खाली भाताचे मळे, वर काजूचं रान, मध्ये वीस-बावीस घरं. भिकाजी पावसाळ्यात शेतकरी आणि तुळशीचं लग्न लागलं की नट. तेव्हापासून मे महिन्यापर्यंत कंपनी आज या देवळात, उद्या त्या देवळात. ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की या नाटकाची लिहिलेली वही नसते. खेळाआधी मालक कथा सांगतो, राजा कोण, राणी कोण ते ठरतं, आणि पुढे ज्याचे त्याने संवाद उभ्या उभ्या जुळवायचे. बायकांची कामं पुरुष करतात. ज्याचा रंग त्याने लावायचा, ज्याची कपड्यांची पेटी त्याने डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालायचं. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' असं लोक म्हणतात. भिकाजी त्यावर म्हणायचा, "राजा तरी खंय? माका तां पण नाय."

पण त्याची राणी म्हणजे राणी. ती मोठ्याने रडायची नाही. तोंड किंचित वळवायची आणि पदराच्या काठाची चुणी बोटाने सरळ करत राहायची, जणू त्या चुणीशिवाय जगात दुसरं काही बिघडलेलंच नाही. एवढं बघितलं की पुढे बसलेल्या बायका हमसाहमशी रडायच्या. तिचं चालणं तसंच, पाऊल आधी चाचपून मग टाकणारं. आणि लुगड्याची गाठ. निऱ्या खोचायच्या आधी भिकाजी काठाची एक बारीक गाठ डाव्या कमरेवर मारायचा आणि पदराचं टोक मागून आणून तिच्यात अडकवायचा. मग राणी धावो, पडो, लोळो, लुगडं जागचं हलायचं नाही. ही गाठ बघून बघून कुडाळ-वेंगुर्ल्यापर्यंतच्या स्त्रीपार्ट्यांनी उचलली आणि तिला नावच पडलं, भिकाजीची गाठ.

कुठे शिकलास, असं कोणी विचारलं की तो कानाच्या पाळ्यांना हात लावायचा आणि म्हणायचा, "बाबलीमामांची कृपा." बाबलीमामा हे त्याचे कंपनीतले गुरू. आता ही गोष्ट निम्मी खरी होती. मामांनी त्याला बोलायला शिकवलं, गायला शिकवलं. पण ते रडणं, ते चालणं आणि ती गाठ मामांची नव्हती. ती त्याच्या बायकोची, कावेरीची. चोरी म्हणा हवं तर. आणि ज्या घरातून चोरी झाली त्या घरालाच पत्ता नव्हता, कारण कावेरीने एकतीस वर्षांत नवऱ्याचं एकही नाटक पाहिलं नव्हतं.

त्याला कारण होतं एक हिरवं लुगडं.

कावेरी आरोंद्याची. खाडीकाठचं गाव, पलीकडे गोवा. तिच्या बापाने लेकीच्या लग्नाला गोव्यातून हिरवं लुगडं आणलं होतं, तांबड्या काठाचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावची जत्रा होती. भिकाजी तेव्हा कंपनीत दासीची कामं करायचा. नेमका त्याच दिवशी राणी करणारा नट तापाने पडला आणि त्याची पेटीही त्याच्याबरोबर त्याच्या घरी राहिली. मालक म्हणाला, भिकाजी, आज राणी तू. भिकाजीकडे दासीचं एकच विटकं लुगडं. तो धावत घरी आला. कावेरी बायकांबरोबर जत्रेला निघून गेली होती. त्याने ट्रंक उघडली, हिरवं लुगडं काखोटीला मारलं आणि पळाला. विचारायला कोणी नव्हतं हे खरं, पण कोणी असतं तरी त्याने विचारलं नसतं, हेही खरं. पहिली राणी मिळाली की माणसाला दुसरं काही दिसत नाही.

त्या रात्री तो असा काही रंगला की लोक आजही सांगतात. वनवासाच्या प्रवेशात राणी जमिनीवर लोळली, मांडवाच्या खांबाला एक खिळा होता, आणि पदर हातभर टरकला. बायकांच्या घोळक्यात कावेरीशेजारी वाडीतली यशोदा बसली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कावेरे, तुजां लुगडां गो तां?" बायका हसल्या. कावेरी उठली आणि अंधारातून एकटी घरी चालत आली.

सकाळी भिकाजीने लुगडं घडी घालून उंबऱ्यावर ठेवलं. कावेरीने ते उचललं, धुतलं, वाळवलं आणि ट्रंकेत ठेवून दिलं. एक शब्द बोलली नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या, भांडी आपटली असती, तर ते परवडलं असतं. पुढे संसार नीट झाला. दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली. नवरा जत्रांहून परत आला की त्याच्यापुढे ऊन पेज यायची, पायाला खोबरेल यायचं. पण गावच्याच जत्रेत त्याची कंपनी असली तरी कावेरी संध्याकाळी देवीची ओटी भरायची आणि घरी यायची. भिकाजीने कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत त्या मौनाला घरातल्या खांबासारखी जागा मिळाली होती.

सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा होऊन तीनेक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. रेडिओवर रविवारी सकाळी लेखकांच्या आणि नटांच्या मुलाखती लागत. वाडीच्या शाळेतल्या गुरुदास मास्तरांची एकदा लागली होती, कारण मास्तरांचं कथांचं एक पुस्तक होतं. तेरा मिनिटांची मुलाखत. त्या तेरा मिनिटांवर मास्तर दोन वर्षं जगत होते. त्यांनीच रेडिओ केंद्राला लिहिलं की आमच्या वाडीत असा असा कलावंत आहे, आणि एक दिवस उत्तर आलं. कार्यक्रम करणाऱ्या लीला बर्वे स्वतः घरी येऊन मुलाखत घेणार होत्या.

मास्तरांना स्फुरण चढलं. रेडिओवर उत्तरं लिहूनच न्यायची असतात, असं त्यांनी भिकाजीला ठासून सांगितलं, आणि प्रश्न काय येतील याचा अदमास घेऊन चार फुलस्केप भरून उत्तरं लिहूनही दिली. भिकाजी चौथी शिकलेला. ज्याने आयुष्यात एक संवाद पाठ केला नाही तो माणूस पंधरा दिवस गुरांमागे 'रंगभूमीच्या विविधांगी विकासात' असं पुटपुटत फिरला. कावेरी बघायची आणि ओठ मिटून घ्यायची. हसत होती की काय, देव जाणे.

नवरात्राच्या आधी, भात पोटरीत आलेलं असताना, लीलाबाई सकाळच्या एस्टीने आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला दोन चकऱ्यांचा जडसा टेपरेकॉर्डर. पडवीत बसल्या, लोट्यातलं पाणी प्यायल्या आणि मायक्रोफोन पुढे करून म्हणाल्या, "पालव, आवाज बघायचाय. सकाळी काय खाल्लंत?"

"पेज आणि सुक्या बांगड्याचो तुकडो," भिकाजी म्हणाला.

"छान. आवाज फार छान आहे," लीलाबाई म्हणाल्या. "आता सांगा, स्त्रीभूमिकेकडे कसे वळलात?"

भिकाजीने कागद वर धरला. "सदर प्रश्नाच्या अनुषंगाने नमूद करावेसे वाटते की..."

तो वाचत होता आणि समोर बसलेले मास्तर स्वतःच्या वाक्यांवर स्वतःच मान डोलवत ओठ हलवत होते. बांगड्याच्या तुकड्यात जो माणूस होता तो पार नाहीसा झाला. लीलाबाईंनी दोन मिनिटं ऐकलं, बटण दाबलं आणि अतिशय गोडीने मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, एक मदत करता? वाटेवरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आवाज यंत्रात येतो. तुम्ही जरा फाटकापाशी उभे राहून लोकांना थांबवाल का?" मास्तर मोठ्या जबाबदारीने अंगणाच्या तोंडाशी, बेड्यापाशी जाऊन उभे राहिले. कागद त्यांच्याबरोबर पाठवण्यात आला.

पण कागद गेला आणि भिकाजीही गेला. काही सुचेना. हात कुठे ठेवायचे ते कळेना. "रडण्याचा प्रवेश कसा करता?" असं त्यांनी विचारलं तर तो म्हणाला, "बरो करतंय." चार वेळा चकऱ्या फिरल्या, चार वेळा थांबल्या. लीलाबाईंनी घड्याळ पाहिलं. परतीची एस्टी पाचला होती. पंधरा वर्षं त्या हेच काम करत होत्या. न बोलणारे लेखक त्यांनी पाहिले होते, स्वतःशिवाय कशावरच न बोलणारे नट पाहिले होते. असं एखादं माणूस रिकाम्या हाताने परत पाठवतं, हे त्यांना माहीत होतं.

तेव्हा भिकाजी म्हणाला, "बाई, असां नाय जमाचा. माका लुगडां नेसूक व्हया. रंग लावक व्हयो."

"अहो, रेडिओ आहे हा. ऐकणाऱ्याला कुठे दिसणार?"

"आयकणाऱ्याक नाय दिसाचा. पण माका दिसता."

लीलाबाई म्हणाल्या, "नेसा."

बोलून बसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. पावसाळ्यात कपड्यांना बुरशी धरते म्हणून साऱ्या कंपनीच्या पेट्या मालकाच्या माळ्यावर, चुलीच्या धुरात ठेवलेल्या असत. मालकाचं घर नऊ मैलांवर. या घरात लुगडी होती ती फक्त कावेरीची.

कावेरी मागच्या दारी सुपात कुळीथ निवडत बसली होती. भिकाजी दारात येऊन उभा राहिला. शेकडो राजांपुढे तोंडाला येईल ते बोललेला माणूस इथे दाराची कडी चाचपत राहिला.

"गो," तो शेवटी म्हणाला, "एक लुगडां दितंस? त्या बाईंक... माका बोलूक जमणा नाय तसां."

कावेरीने सूप खाली ठेवलं. आत गेली. ट्रंकेची कडी वाजली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात रोजचं लुगडं नव्हतं. हिरवं होतं, तांबड्या काठाचं.

"ह्यां फाटलेलांच आसा," ती म्हणाली. "आता आणि काय फाटतला?"

तिने ते त्याच्या हातावर ठेवलं, सूप उचललं आणि कोंबड्यांचा आवाज यंत्रात जाऊ नये म्हणून त्यांना हाकत परड्यात निघून गेली. भिकाजीने मधल्या घरात लुगडं उलगडलं. पदर जिथे फाटला होता तिथे हिरव्या दोऱ्याची रफू होती, इतकी बारीक की बोटाला लागेल पण डोळ्यांना दिसायची नाही. तिने ते कधी सांधलं, त्याला माहीत नव्हतं. सांधून कधी नेसलेली मात्र त्याने पाहिली नव्हती. बाहेर लीलाबाई खोळंबल्या होत्या.

रंगाची पेटी नव्हती. लीलाबाईंनी पर्समधली पावडरची डबी काढून दिली, कुंकू घरात होतं. भिकाजीने डाव्या कमरेवर गाठ मारली, पदराचं टोक अडकवलं, कोपऱ्यातल्या देवाला हात जोडले आणि पडवीत येऊन बसला. बसतानाच वेगळा बसला. हात आपोआप जिथे असायचे तिथे गेले.

मग जे बोलणं झालं ते चाळीस मिनिटं चाललं. मध्येच राणीची भारदस्त मराठी, मध्येच वाडीची मालवणी. "बाई, रडणां म्हणजे आवाज न्हय," तो म्हणाला. "आवाज काडलो की लोकांक दया येता. दया येवन उपेग नाय. लोकांक वाटूक व्हयां, की ही आता रडात, आता रडात, आणि ती रडणाच नाय. मगे तेच रडतत." लीलाबाई प्रश्न विचारायचं विसरत होत्या. शेवटी त्यांची नजर कमरेकडे गेली.

"ही गाठ वेगळी आहे. माझ्या आजीच्या लुगड्याला नव्हती. ही बाबलीमामांनी शिकवली?"

भिकाजी हो म्हणणार होता. तीस वर्षांची सवय. पण रफू बोटाखाली होती.

"नाय," तो म्हणाला. "ही माज्या बायलेची. तिच्या आयेची खरी. आरोंद्याक खाडीच्या चिखलात उतरताना लुगडां सुटूचा नाय म्हणान तिच्या आवशीन काडलेली."

"त्यांचं नाव काय?"

चकऱ्या फिरत राहिल्या. नवऱ्याने बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, हा त्या वाडीतला न लिहिलेला कायदा. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं, पुढे जन्मभर 'गो'. पण तिथे त्या वेळी जो बसला होता तो काही पुरता नवरा नव्हता.

"कावेरी," तो म्हणाला. "चलणां तिचां, रडणां तिचां, गाठ तिची. बाबलीमामांनी माका बोलूक शिकवल्यानी. पण बाई होवक तिणां शिकवल्यान. आणि तिका ठावक नाय."

लीलाबाईंनी हळूच बटण बंद केलं. त्यांना आणखी काही नको होतं.

इथवर सगळं छान झालं. इथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण भिकाजीने आत जाऊन लुगडं सोडलं, विहिरीवर तोंड धुतलं, पंचा गुंडाळून बाहेर आला, आणि राणी उतरली तसं तिचं धाडसही उतरलं. समोर आता वाडी दिसायला लागली. बेड्यापाशी मास्तर दिसले, त्यांच्यामागे जमलेली माणसं दिसली. रेडिओ म्हणजे साऱ्या जिल्ह्याचा कान. तो लीलाबाईंजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, तेवढां काडून टाका. नावाचां."

"का हो? सगळ्यात सुंदर तेच आहे."

"लोक हसतले. बायलेकडसून शिकलो म्हणतले. आणि ती काय म्हणात..."

"त्यांना आनंद होईल."

भिकाजीने हात जोडले. लीलाबाईंनी सुस्कारा सोडला. "तुमची मुलाखत, तुमचा शब्द. काढते. पण पालव, एवढ्या लोकांनी मला गुरूंची नावं सांगितली. असं नाव कोणी सांगितलं नव्हतं."

त्या पाचच्या एस्टीने गेल्या. राग येतो असल्या माणसाचा. जे बोलायला एकतीस वर्षं लागली ते परत गिळायला त्याला पाच मिनिटं पुरली. मुलाखत तिसऱ्या रविवारी लागणार होती, आणि पहिल्याच रात्री त्याला आपण काय केलं ते कळलं. हे सांगायची हिंमत त्याला स्वतःच्या तोंडाने कधी होणार नव्हती. रेडिओने त्याच्यासाठी सांगितलं असतं. ती दारामागे उभी राहून ऐकणार, तिच्या कानावर ते जाणार, आणि त्याला फक्त मान खाली घालून बसावं लागणार. एवढी सोपी वाट देवाने दिली, आणि त्याने तिला कुंपण घातलं.

केंद्राला लिहायला हवं होतं. पण लिहायला मास्तर, आणि मास्तरांना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. शेवटी स्वतःच एक कार्ड लिहिलं: 'नाव राहू द्या. भिकाजी पालव.' ते कार्ड तो आठ दिवस सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडला. दोनदा कट्ट्याच्या टपालपेटीपर्यंत जाऊन परत आला. टाकलं तेव्हा मुलाखतीला चार दिवस उरले होते.

रविवारी सकाळी मास्तर आपला ट्रान्झिस्टर छातीशी धरून आले. तो पडवीत पाटावर ठेवला गेला. सगळी वाडी अंगणात. यशोदाही आली होती, आता तिचे दात पडले होते पण आवाज तसाच होता. भिकाजी खांबाला टेकून बसला. कावेरी स्वयंपाकघराच्या चौकटीत, हाताला ओलं पीठ तसंच.

"सकाळी काय खाल्लंत?" रेडिओतून लीलाबाईंचा आवाज आला. "पेज आणि सुक्या बांगड्याचो तुकडो," रेडिओतला भिकाजी म्हणाला, आणि अंगणात हशा पिकला. मग सगळे गप्प झाले. जो भिकाजी त्यांनी जत्रेत पाहिला होता तोच बोलत होता. रडण्याचं बोलणं आलं. ते संपलं. आता गाठीचा प्रश्न येणार होता. त्याने चौकटीकडे पाहिलं नाही.

"आणि पालव," लीलाबाई म्हणाल्या, "नव्या मुलांना काय सांगाल?"

कार्ड पोचलं नव्हतं. किंवा फार उशिरा पोचलं होतं. बाईंनी दिलेला शब्द पाळला होता, आणि इतका सफाईने पाळला होता की तिथे काही होतं याचा कोणाला संशयही येऊ नये. शेवटी 'श्री. गुरुदास यांचे आभार' एवढं आलं आणि मास्तर कृतकृत्य झाले. लोकांनी भिकाजीच्या पाठीवर थापा मारल्या, चहा झाला, अंगण रिकामं झालं.

कावेरी अजून चौकटीत होती. "बरां बोललात," ती म्हणाली आणि आत वळली. ती खरंच मनापासून म्हणाली होती, आणि म्हणूनच भिकाजीला ते ऐकवेना.

"थांब गो," तो म्हणाला.

ती थांबली. भिकाजी ट्रंकेपाशी गेला, कडीवर हात ठेवला आणि वळून तिच्याकडे बघत विचारलं, "घेव?"

कावेरीने मान हलवली. त्याने हिरवं लुगडं काढलं आणि दिवसाउजेडी, मधल्या घरात, रंग नाही, कुंकू नाही, अंगात भोकं पडलेला बनियन, असा तो तिच्यासमोर लुगडं नेसायला लागला. छप्पन्न वर्षांचा माणूस. हातांना वाट माहीत होती. डाव्या कमरेवर काठ आला. बारीक गाठ बसली. पदराचं टोक मागून आलं आणि गाठीत अडकलं.

कावेरी पुढे आली. पिठाचं बोट गाठीपाशी नेऊन थांबली.

"ही माज्या आयेची," ती म्हणाली.

"व्हय."

"खंय बघलात?"

"मळ्यात. लावणी करताना. तू लग्न होवन इलंस त्या वरसाक."

"आणि ही नेसान तुमी जत्रेत..."

"एकतीस वरसां. आता सगळ्या कंपन्यांत हीच घालतत. माज्या नावान वळाखतत. कावेरीची गाठ म्हणूक व्हयी होती. मी त्या बाईंक सांगलंय, आणि मगे भियालंय, काडूक लावलंय. माजी चूक झाली. ही पण, आणि तेवाची पण."

आवाज राणीचा नव्हता. बांगड्याचा तुकडा खाणाऱ्या माणसाचा होता. लग्नातल्या उखाण्यानंतर तेहतीस वर्षांनी कावेरी पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकत होती. मग तिने पिठाचे हात स्वतःच्या पदराला पुसले, त्याची गाठ सोडली, काठ पुन्हा धरला, आणि गुडघा त्याच्या कमरेला लावून अशी करकचून आवळली की भिकाजीच्या तोंडून श्वास सुटला.

"तुमी सैल घालतात," ती म्हणाली. "म्हणान फाटलां त्या दिसा."

तुळशीचं लग्न झालं. पहिली जत्रा गावातलीच होती. देवळामागे जिथे नट रंग लावतात तिथे बाईमाणूस फिरकत नाही, पण त्या रात्री कावेरी सरळ आत गेली. सगळे नट अर्ध्या रंगात बघत राहिले. तिने भिकाजीच्या हिरव्या लुगड्याची गाठ आवळली, निऱ्या एकदा झटकल्या आणि बाहेर येऊन बायकांमध्ये बसली.

पखवाज सुरू झाला. राणी आली. शेजारी यशोदा होती. तिने डोळे बारीक करून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्याच जुन्या आवाजात विचारलं, "कावेरे, तुजां लुगडां गो तां?"

"व्हय," कावेरी म्हणाली. "आणि गाठ पण माजीच."